वॉरनचं न झोपणारं यंत्र

निवृत्त होताना कंपनीने माझ्या नवऱ्याला एक घड्याळ दिलं. ते वॉरनने कुठे ठेवलं देव जाणे. त्याच दिवशी कंपनीच्या भंगारातून त्याने आपल्या हाताने जे उचलून आणलं, ते मात्र आमच्या तळघरात कायमचं बसलं. जुनं युनिक्स वर्कस्टेशन, म्हणजे ऑफिसातला अवजड संगणक. पिझ्झाच्या खोक्यासारखं चपटं, वजनाला पाट्यावरवंट्यासारखं.

"याला घरचा सर्व्हर करणार, रात्रंदिवस चालू राहणारा," तो म्हणाला.

"आपल्या घराला कशाला हवा सर्व्हर?"

"सगळ्याच घरांना हवा असतो, लोरेन. लोकांना कळत नाही एवढंच."

मग हिवाळाभर बाळंतपण चाललं. आतल्या एका चिपच्या पोटातली बॅटरी मेलेली, त्यामुळे यंत्राला ना तारीख आठवे ना स्वतःचा पत्ता. वॉरनने कानशीने त्या चिपचं पोट उघडलं आणि बाहेरून नवी बॅटरी सोल्डर केली. न्हाणीघरातला नळ तेव्हाही गळत होता, आजही गळतो.

यंत्र अखेर उठलं. ते काय करतं? तर तळघरात किती थंडी आहे ते स्वयंपाकघरातल्या पडद्यावर सांगतं. आणि स्वतः इतकं तापतं की तळघरात थंडी उरलेलीच नाही.

पण कामाला विचारतो कोण! दर शनिवारी सकाळी वॉरनच्या कंपनीतले म्हातारे डायनरमध्ये नाश्त्याला जमतात. प्रत्येकाच्या घरी असंच एक यंत्र. ज्याचं सर्वांत जास्त काळ एकदाही बंद न होता चाललंय, तो टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसतो, आणि त्याने काटा उचलल्याशिवाय बाकीचे पॅनकेकला हात लावत नाहीत. बंद पडलं नाही, हीच कर्तबगारी. या हिशेबाने आमच्या चौकातला सैनिकाचा पुतळा हडसन गावातला सर्वांत कर्तबगार माणूस. टोकाच्या खुर्चीत तेव्हा वॉरन होता. दुसऱ्या नंबरावर आमच्या शेजारच्या घरातला गिल टिबोडो.

इकडे माझी आई, रोझाली, फुप्फुसं थकल्यामुळे शुश्रूषागृहात पडून होती. "इथलं सूप बघून पाण्यालाही लाज वाटेल. मला घरी ने," एवढंच तिचं मागणं. तिचं ऑक्सिजनचं यंत्र घरी येऊन पडलं होतं, पण त्यासाठी आमचा जुनाट वीजफलक बदलणं भाग होतं. त्यासाठी दिवसभर घराची वीज बंद. वायरमन येतच नाही म्हणून मी चिडून फोन केला, तर तो म्हणाला, "बाई, तुमचे यजमानच दर वेळी नको म्हणतात."

वॉरनला जाब विचारला.

"वर्ष पूर्ण होत आलंय," तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

"कशाला?"

"ते... चालू आहे त्याला."

"माझ्या आईलाही बरीच वर्षं झालीत चालू राहून! उद्या वायरमन येणार म्हणजे येणार."

दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि त्याच्या आधी गिल आला. आपल्या ओसरीपासून बर्फावरून लांबलचक केशरी वायर ओढत. तिचं टोक आमच्या तळघराच्या खिडकीतून आत पोचलं, तरी चांगलं वेटोळं उरलं.

"तुझी वीज गेली म्हणून मी त्या खुर्चीत बसू?" तो वॉरनला म्हणाला. "छे! असलं जिंकणं मला नको."

दोघांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. युद्धातून परतलेले जणू. घर काळोखात, घर गरम ठेवणारी भट्टी बंद, मी कोट घालून स्वयंपाकघरात, आणि खाली ते यंत्र मजेत घुरघुरतंय.

इतक्यात दारात गाडी थांबली. शुश्रूषागृहाला पलंग हवा होता, म्हणून त्यांनी आईला एक दिवस आधीच पाठवून दिलं होतं. चाकाच्या खुर्चीत, मांडीवर प्रवासापुरता छोटा सिलिंडर. त्याचा काटा लाल पट्टीला टेकलेला.

ड्रायव्हरने अंधारं घर पाहिलं. "वीज नाही? मग यांना परत न्यावं लागेल. तसा नियमच आहे."

आईने माझा हात धरला. "आता गेले ना लोरेन, तर ते मला पुन्हा सोडायचे नाहीत."

मी जिन्याच्या तोंडाशी धावले. "वॉरन! ती वायर वर आण! आत्ता!"

"आणतो! आधी हे वर घेतो, म्हणजे दोन्ही तिथेच लावता येतील!"

आणि काय पाहते, तर नवरा ते यंत्र चालूच्या चालू छातीशी धरून जिना चढतोय. मागून गिल, हातात वीज गेल्यावर यंत्राला काही मिनिटं तगवणारी बॅटरी, ती भुकेल्या पोरासारखी किंचाळतेय. दोघे एकेक पायरी जपून चढताहेत, लग्नाचा केक नेल्यासारखे. आणि वायर खालीच!

"चला आजी," मागे ड्रायव्हर म्हणाला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

ते वॉरननेही ऐकलं. पायरीवरच थबकला. एकदा छातीवरच्या खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग यंत्र त्याच पायरीवर टेकवलं आणि गिलला अंगानेच बाजूला सारून खाली धावला. वायर घेऊन वर येईपर्यंत बॅटरीने शेवटची किंकाळी फोडली होती. घुरघुर थांबली. गिलने डोक्यावरची टोपी काढली, देवाशपथ.

आईचं यंत्र सुरू झालं. ड्रायव्हर सही घेऊन गेला.

"जावईबापू," श्वास जागेवर आल्यावर आई म्हणाली, "तुमचं ते यंत्र काय काम करायचं?"

"तळघरातली थंडी मोजायचं."

"अरे देवा! आता कोण मोजणार?"

वॉरन तिच्या यंत्रापाशी गुडघ्यांवर बसून नळी नीट करत होता. मग एकदम वाकला, चष्मा पुसला. "लोरेन, याला मीटर आहे! किती तास चाललं ते दाखवतं!"

आता शनिवारी डायनरमध्ये तो आईच्या यंत्राचे तास सांगतो. त्यावरून टेबलावर कडाक्याचं भांडण झालं. हे यंत्र काहीतरी उपयोगाचं काम करतं, तेव्हा ते स्पर्धेत बसत नाही, असं एकाचं म्हणणं. गिलने मूठ आपटून वॉरनची बाजू लावून धरली.

निकाल अजून लागायचाय. आई रोज सकाळी सुपाची वाटी खाली ठेवून विचारते, "काय जावईबापू, खुर्ची मिळतेय का? माझ्याकडून कसूर व्हायची नाही."