माझ्या तिसऱ्या तोंडातला ताग

मित्रांनो, मला पाहिलेत तर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले वजन समजाल. तीन वर्षे मी तेच काम केले, तेव्हा त्यात तुमची चूक नाही. पण मी घडलो तो तेल वाटण्यासाठी. माझी गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तिच्यात राग फार आहे. तरी सांगतो, कारण न सांगता तो राग पोटात बाळगून मी थकलो आहे.

मी अॅल्युमिनियमचा, मुठीएवढा, चार तोंडांचा ठोकळा आहे. ग्रीसमधल्या कारिदिया नावाच्या डोंगरगावात कालिरोईने मला घडवले. वडिलांच्या मागे त्यांचे गॅरेज तीच चालवत होती. एकाच कांबीतून तिने दोन तुकडे कापले. एक मी आणि दुसरी माझी बहीण. तिने आम्हाला भोके पाडली, आत आटे पाडले आणि प्रत्येक भोकातला धातूचा कीस ब्रशने तीन-तीनदा काढला. मग ती आम्हाला उजेडासमोर धरून एकेका तोंडातून आरपार पाही. ही तिची सवय मला फार आवडे. आपल्या आत कुणीतरी इतके काळजीने पाहावे, हे सगळ्यांच्या नशिबी नसते.

आमचे काम सारांतिसच्या गाडीत होते. सारांतिस म्हणजे गावचा पाववाला, आणि दरवर्षीच्या चढणीच्या शर्यतीत पहिले येण्याचे वेड घेतलेला माणूस. त्याच्या गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोताने फिरणारे छोटे चक्र. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि गाडीला जोर येतो. पण ते इतक्या वेगाने फिरते की त्याला क्षणभरही तेलावाचून राहता येत नाही. इंजिनाकडून तेल घेऊन तिसऱ्या तोंडाने टर्बोला आणि उरलेल्या दोन तोंडांनी तेलाचा दाब मोजणाऱ्या उपकरणांना द्यायचे, हे माझे काम. बहिणीचे काम अधिक नाजूक. इंजिन श्वास घेते तेव्हा हवेची जी ओढ तयार होते, ती बारीक रबरी नळ्यांतून बहीण गाडीतल्या ज्या त्या भागाला वाटून देई.

बसवून झाल्यावर कालिरोईने सारांतिसला बजावले होते. सांध्यांत घातलेल्या तांब्याच्या चकत्या नव्या होत्या. गाडी एकदा चांगली तापली की त्या दबतात आणि सांधा किंचित ढिला होतो. शनिवारी सकाळी गाडी परत आण, मी पुन्हा आवळून देते, तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस, असे ती म्हणाली. तो हो म्हणाला.

शनिवारी त्याच्याकडे पावाची गर्दी होती. तो गेला नाही. दुपारी माझ्या तिसऱ्या तोंडापाशी तेलाचा एक थेंब दिसला, आणि नेमका तेव्हाच त्याचा कुंबारोस, म्हातारा प्रोद्रोमोस, दुकानात बसला होता. लग्नात याच प्रोद्रोमोसने सारांतिसच्या डोक्यावर मुकुट धरला होता, त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याला यानेच पाण्यात बुडवले होते. आमच्याकडे असा माणूस सख्ख्या भावाच्या वर असतो. त्याला नको म्हणता येत नाही. आणि प्रोद्रोमोसचा धंदा नळ जोडण्याचा.

"एवढ्यासाठी त्या पोरीकडे कशाला जातोस?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं सांधे बसवतोय मी."

त्याने सांधा उघडला, आट्यांवर ताग गुंडाळला, वर लेप चोपडला आणि घट्ट आवळला. पाण्याच्या नळाला ते उत्तम. पण तापलेल्या तेलात ताग सुटतो, आणि टर्बोचे तेल घ्यायचे भोक सुईच्या नेढ्याएवढे असते.

रविवारी शर्यतीत सातव्या वळणावर ताग सुटला. मी तेल ढकलत होतो आणि ते पुढे जात नव्हते. माझ्यासमोर टर्बो कोरडा पडत पडत जळाला. निळा धूर सगळ्या डोंगरावर पसरला.

शहरातल्या कारागिराने टर्बो उघडला तेव्हा मी आणि बहीण शेजारच्याच खोक्यात होतो. त्याने चिमट्याने ताग बाहेर काढला आणि विचारले, इंजिन आहे की मोरी?  तो ताग सारांतिसने कागदात गुंडाळून रस्त्यावर टाकला. परतीच्या वाटेवर माझ्या बहिणीला त्याने दरीत भिरकावले. मला ठेवले, कारण गावाला दाखवायला काहीतरी हवे होते.

त्याने गावाला सांगितले, की कालिरोईच्या ठोकळ्यात कीस राहिला होता, त्याने टर्बो खाल्ला. माझ्यात कीस, आणि तोही जिला मी तीन-तीनदा ब्रश फिरवताना पाहिले तिच्या हातून राहिलेला! मला त्याने दुकानाच्या फळीवर पिशव्यांचे कागद दाबायला ठेवले आणि येईल त्याला दाखवू लागला. "घेऊन जातोस का? पावावर फुकट देतो," असे म्हणून हसायचा. कालिरोई एकदा मला मागायला आली, तर म्हणाला, "पुरावा तुझ्या हातात देऊ? खुळा नाही मी."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी सुडाखेरीज दुसरा विचार केला नाही. हे बरे नव्हे, मला कळते. पण तागाचा एक तुकडा माझ्या तिसऱ्या तोंडात अडकून राहिला होता. काळ्या तेलात माखून तो आट्यांना चिकटला होता. सारांतिसला माझ्या आत डोकावायची कधी गरजच वाटली नाही. मी तो तुकडा दात आवळावेत तसा धरून ठेवला. फळीवरून दोनदा पडलो, तरी सोडला नाही. त्याच्या प्रत्येक हशाला मी मनात म्हणे, हस, हसून घे.

इकडे कालिरोईकडे गाड्या येईनात. तिसऱ्या वर्षी मी दुकानात ऐकले की तिने गाडी उचलायचा जॅक विकायला काढला आहे आणि गावचा उत्सव झाला की ती शहरात कुणाच्या तरी हाताखाली कामाला जाणार आहे.

उत्सवाच्या दिवशी लोक बकऱ्याच्या मटणाची आणि बटाट्याची तबके भाजायला पाववाल्याच्या भट्टीत आणतात. कालिरोई नेहमी खालच्या आळीतल्या भट्टीवर जाई, पण ती त्या वर्षी बंद पडली होती. आईसाठी तिला इथे यावे लागले. दुकान भरलेले होते. प्रोद्रोमोस दाराशी खुर्चीवर बसला होता.

"तबक तरी नीट बघितलंयस ना?" सारांतिस म्हणाला. "नाहीतर माझी भट्टीही जाळशील."

लोक हसले. कालिरोईने तबक खाली ठेवले. समोरच मी होतो. तिने मला उचलले आणि जुन्या सवयीने उजेडासमोर धरले. पहिले तोंड. दुसरे. तिसऱ्यापाशी ती थांबली. मी आतून ओरडत होतो, पण ठोकळ्याचे ओरडणे कोण ऐकणार? तिने केसातली पिन काढली, आत घातली आणि हळूच ओढली. बोटभर काळा धागा बाहेर आला.

तिने सारांतिसकडे पाहिलेही नाही. ती दाराशी गेली.

"काका, तुमच्या धंद्यातलं आहे म्हणून विचारते. हे काय असेल?"

म्हाताऱ्याने चष्मा लावला, धागा चिमटीत चोळला आणि त्याचा चेहरा खुलला. "ताग. चांगल्यातला. मीच लावलेला गं, शर्यतीच्या आदल्या दिवशी, ह्याच्या गाडीत. थेंब तरी गळला का नंतर?"

"नाही काका. एक थेंबही पुढे गेला नाही."

 प्रोद्रोमोस हातातल्या धाग्याकडे बघत राहिला. समजायला त्याला वेळ लागला. मग त्याने विचारले, "सारांतिस, तुला ठाऊक होतं?"

"कुंबारे, तुझं मन मोडेल म्हणून..."

"माझं मन जपलंस," म्हातारा म्हणाला, "आणि हिचं दुकान मोडलंस."

सारांतिसचे तोंड पिठासारखे पांढरे झाले. तीन वर्षे मी याचीच वाट पाहिली होती, आणि खरे सांगतो, मला फार गोड वाटले. पण नेम चुकला होता. प्रोद्रोमोस खुर्चीतून उठू पाहत होता आणि त्याला उठता येत नव्हते. त्याने कुणाचे वाईट चिंतले नव्हते. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. कालिरोईनेच त्याला हात देऊन उठवले. जाताना तिने मला खिशात टाकले. सारांतिसने अडवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रोद्रोमोस गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो सांगे, की टर्बो मी जाळला, हिने नाही. काका, पुरे आता, घरी जा, असे कालिरोई म्हणाली. तो म्हणाला, त्याने तीन वर्षं सांगितलं, मला तेवढं तरी सांगू दे. महिन्याभरात गाड्या परत येऊ लागल्या. जॅक विकायचा राहिला.

मग एक दिवस सारांतिस आला. टोपी हातात होती. कालिरोई एका गाडीखाली आडवी होती.  त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, आणि प्रोद्रोमोस त्याच्या घराची पायरी चढत नव्हता, रस्त्यात भेटला तर मान वळवत होता. धर्मपित्यावाचून साखरपुडा कसा करायचा? कालिरोईने म्हाताऱ्याला एक शब्द सांगावा, एवढेच त्याचे मागणे होते. शिवाय गाडीही तशीच पडून होती.

कालिरोई गाडीखालून बाहेर आली नाही.

"गाडी आण," ती म्हणाली. "दुरुस्त करून देते. दुसरं काम इथे होत नाही."

मी फळीवरून त्याला जाताना पाहिले. त्याची मान खाली होती.

मित्रांनो, वस्तू बिघडली तर दोष देण्याआधी एकदा तिच्या आत उजेडात पाहा. आणि कुणाच्या हातून चूक झाली असेल तर त्याला त्याच दिवशी सांगा, मग तो कितीही जवळचा असो. एवढेच मला म्हणायचे होते. सारांतिसला मी अजून माफ केलेले नाही. ते मात्र माझ्याकडून शिकू नका.