डाव्या बाजूचं बटण

सांगतो, पण कुणाचा विश्वास बसणार नाही. आमच्या बायकोनं एकदा वीज गेलेली असताना, बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर अख्खा दाखला टाइप केला होता.

"आणि वीज आल्यावर तो आपोआप पडद्यावर उमटला," पोस्टमन म्हणाला. याला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणतात.

"तुला कसं कळलं?"

"मंगळवारी सांगितलंस की. त्याच्या आधी सांगितलंस तेव्हा दाखले तीन होते."

"मग आज एकावर आलोय, तरी तुझं समाधान नाही!"

झेरॉक्सच्या दुकानापुढच्या बाकावर आम्ही बसलो होतो. घर इथून तीन गल्ल्या पलीकडे. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून लेक मला न्यायला आली होती. "दोन मिनिटं, एवढं संपवतो," असं मी म्हटल्यावर ती पर्स मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला टेकली. माझी दोन मिनिटं तिला लहानपणापासून ठाऊक आहेत.

तर, आम्ही दोघं नवराबायको एकाच नोंदणी कार्यालयात. मी आलेल्या कागदांवर शिक्के मारायचो आणि ती दाखले टाइप करायची. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे. आमच्या शहरात लांबलांबच्या मुलखांतून माणसं येऊन राहिलेली. त्यांच्या नावांतल्या अक्षरांना कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पोटाखाली शेपूट, कुणावर दोन टिंबं. कीबोर्डवर यातलं काही नसतं. बाकीचे टाइपिस्ट सरळ बोडकी अक्षरं ठोकून मोकळे व्हायचे.

"एवढ्याशा टिंबानं काय बिघडतं हो बाई?" साहेब तिला म्हणाले.

"तुमच्या नावाचा काना खाल्ला तर चालेल का, साहेब?" ही म्हणाली. तेव्हापासून तसली सगळी नावं हिच्याच टेबलावर.

त्याची युक्ती अशी. डाव्या हातानं ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हातानं कीबोर्डच्या उजव्या कडेच्या आकड्यांवर चार आकडे मारायचे आणि मग बटण सोडायचं. सोडल्यावर अक्षर उमटतं. घाई करून तिसऱ्याच आकड्यावर सोडलंत, तर भलतंच काहीतरी येतं. प्रत्येक अक्षराचे आकडे वेगळे. हिला चारशे अक्षरांचे पाठ होते.

"मागे तीनशे म्हणाला होतास."

"तू तीनशे धर. ती भाजी निवडतानासुद्धा बोटांनी ताटाच्या काठावर आकडे वाजवायची. मी चुकलो की टेबलावर चार टकटक. कोणतं अक्षर आहे ते मला कळायचं नाही, पण आवाजावरून अंदाज यायचा."

एकदा एक म्हातारी आली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आधी दुसऱ्या कुणी करून दिला होता, नाव बोडकं. हिनं तो नवा करून दिला. म्हातारीनं त्या एका अक्षरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. मागे रांग लागली होती. हिनं रांगेला थांबवलं, म्हातारीला नाही.

हे मी आजवर पोस्टमनला सांगितलं नव्हतं.

पुढे दोघंही निवृत्त झालो, आणि तिसऱ्या वर्षी हिला झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं लगद्यासारखं झालं, शब्द सुटाच होईना. आणि विचित्र म्हणजे डावीकडचं जगच तिच्यापुरतं नाहीसं झालं. डोळे शाबूत, पण ताटातला उजवा अर्धा भाग संपायचा आणि डावा तसाच राहायचा. डावीकडे उभं राहिलं की आपण तिच्या लेखी नाहीच.

लेकीनं घरातला जुना कॉम्प्युटर तिच्यापुढे ठेवला, पडदा उजवीकडे सरकवून. कीबोर्डचाही तिला तेवढाच भाग सापडला, उजव्या कडेचे आकडे. ती त्यांवर बोट आपटायला लागली. दोन, तीन, चार, सहा. मी म्हटलं, भ्रम झालाय. लेक म्हणाली, "बाबा, थांबा," आणि डावीकडून हात घालून तिनं ऑल्टचं बटण धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. चार वेळा. पडद्यावर आलं, 'पाणी'.

आपल्या अक्षरांनाही आकडे असतात, काना-मात्रेलासुद्धा वेगळे. हिनं ते कधी पाठ केले होते, देव जाणे.

मग तेच तिचं बोलणं. आकडे तिचे, बटण दुसऱ्या कुणीतरी धरायचं. लेक कामाला जायची, त्यामुळे दिवसभर बटण माझ्याकडे. आता मला गप्प बसता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोंड चाललं की अंगठा उचलला जायचा. 'चहा' लिहिता लिहिता चांदण्या आणि फुल्या यायच्या. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. कधी सगळं सोडून एकच शब्द लिहायची, 'गप्प'.

"बरोबर लिहायच्या वहिनी," पोस्टमन म्हणाला.

"मग मी दहा मिनिटं म्हणून इकडे येऊन बसायचो."

"दहा मिनिटं?"

"तुझ्या घड्याळानं किती व्हायची ते मी मोजलं नाही. घरी जायचो तेव्हा पडद्यावर नुसत्या आकड्यांच्या रांगा असायच्या. बटण धरायला कुणी नसलं की अक्षरं होत नाहीत ना, आकडेच राहतात. मी ते पुसून टाकायचो आणि विचारायचो, हं, काय म्हणत होतीस?"

लेक रस्त्याकडे बघत होती.

"पण शेवटच्या दिवशी मात्र," मी म्हटलं, "हे ऐक. शेवटच्या दिवशी मी दुपारी तीन ते पाच तिच्या डाव्या बाजूला बसलो. एक शब्द बोललो नाही."

"तू? दोन तास?"

"घोटभर पाणीसुद्धा प्यायलो नाही, आवाज होईल म्हणून. एकदाही बटण लवकर सोडलं नाही. एक फुली नाही, चांदणी नाही. तिचा हात तेव्हा जड झाला होता, एकेका आकड्याला वेळ लागत होता. मी धरून बसलो. तिनं लिहिलं, 'आज गप्प बसलात'. मग थांबली. मग लिहिलं, 'बरं वाटलं'. त्यानंतर हात तिथेच आकड्यांवर राहिला. मी आणखी काही येईल म्हणून बटण धरूनच होतो."

पोस्टमननं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला. माझ्या गोष्टीला त्यानं हे आजवर कधी केलं नव्हतं.

"बाबा," लेक म्हणाली. "खोटं."

"अगं, पडद्यावर होतं ते. तू पण वाचलंस."

"ते खरं आहे. रविवार होता तो, मी घरी होते. तीन ते पाच तुम्ही इथे होतात, या बाकावर. बटण मी धरलं होतं." तिनं पर्सचा बंद सरळ केला. "ती तुमच्याशी बोलत होती. मी आहे, असं मी तिला सांगितलं नाही."