वीस दातांचा पिनियन
वासुदेव खांडेकरला घरी बसून तीन वर्षं झाली होती. इंदौरच्या परदेशीपुऱ्यातली मिल बंद पडली तेव्हा तो सूतखात्यात मोटर-फिटर होता, सव्वीस वर्षं मुरलेला. मुरलेला म्हणे! आता त्या मुरण्याचं काय लोणचं घालायचं?

म्हणून पलासियाच्या जयेशने बोलावलं तेव्हा सुलोचनाने त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. जयेशचं दुकान रिमोटवर पळणाऱ्या विलायती मोटारींचं. खेळणी म्हणायची सोय नाही, किंमत ऐकूनच माणूस मटकन खाली बसेल. शहरात गिरण्यांना कुलुपं लागत होती आणि इकडे ही हौस निघाली होती, आता बोला!

"काका, ही गाडी रविवारी रेसमध्ये उतरवायचीये," जयेश म्हणाला. "नीट धावली तर वर्कशॉप तुमचं, एकदम पक्कं. मोटर बारा टर्नची आहे. आत तारेचे वेढे कमी, म्हणून भागते जोरात, आणि तापते पण तेवढीच. त्यात ग्राहकाला बॅटरीत सहाच्या जागी सात सेल हवेत. वोल्टेज वाढलं की पिनियन छोटा. अठराचा काढून सतराचा लावा. ध्यानात राहील ना?"

"राहील की भिया."

पिनियन म्हणजे मोटरच्या दांडीवरचं इवलंसं दातेरी चाक. वासुदेवने ते चिमट्यात धरलं आणि त्याला अगदी भरून आलं. तीन वर्षांनी हाताला तेल लागलं होतं.

पण हात मिलचे होते ना! मिलमध्ये लाइन, म्हणजे विजेचा दाब, कधी पुरी येतच नसे. पाटीवर चारशे चाळीस वोल्ट लिहिलेलं, पण संध्याकाळी भार पडला की लाइन बसायची, सूत काढणाऱ्या फ्रेम सुस्तावायच्या. मग साहेब काहीही सांगो, फिटर मोटरवर एक नंबर मोठी पुली चढवून वेग भरून काढायचा नि मोकळा व्हायचा. त्याबद्दल वासुदेवची पाठही थोपटली गेली होती. जयेशचं पोरगेलं वय, त्याला काय ठाऊक लाइन कशी दगा देते? सात सेल म्हणतात खरे, शर्यतीत पाचांइतकाच जोर देतील. त्याने सतराचा बाजूला ठेवला आणि अठरावर दोन दाते जास्त, असा वीसचा बसवला. वर स्वतःशी हसलाही, शहाणा!

रविवारी सकाळी कॉलनीच्या बास्केटबॉल कोर्टावर गाडी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. लोक ओरडले. एक फेरा, दुसरा फेरा. वासुदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या फेऱ्यात त्याच्या नाकाला वास लागला. मोटरच्या वेढ्यांवरच्या जळक्या वार्निशचा तो वास त्याने आधी ओळखला, धूर लोकांना नंतर दिसला.

जयेशने गाडी उलटी केली. "कितीचा लावलाय, काका?"

"वीसचा."

"मी सतरा सांगितलं होतं ना?"

"लाइन बसेल असं वाटलं, भिया."

"बॅटरी आहे काका ती! चार्ज फुल होती. वोल्टेज पुरं, वर पिनियन मोठा, मोटर ओढून ओढून जळणारच ना."

पुरं वोल्टेज! सव्वीस वर्षांत जे कधी बघितलं नाही, त्याचा हिशोब त्याने धरायचा तरी कसा? पण हे कोणाला सांगणार? त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपल्याला जे येतं ते आता जगात कुठेच चालत नाही, हे त्याला लख्ख कळलं.

जयेश माणूस वाईट नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "काका, ये लाइन अलग है. पण मी तुम्हाला असं परत नाही पाठवणार. दुकानासमोर ग्राहक वाटेल तशा गाड्या लावतात, रोज कटकट होते. खुर्ची देतो, शिट्टी देतो. बसाल?"

वासुदेवने मान हलवली.

घरी सुलोचना दारातच उभी होती. "काय झालं? ठेवलं का कामावर?"

"ठेवलं. उद्यापासून."

"गाड्यांचंच ना?"

"हो, गाड्यांचंच."

"बघा, मी म्हणत नव्हते? हुनर कुठे जात नाही!" तिने देवापुढे साखर ठेवली. मग तीच वाटी घेऊन ती शेजारच्या शालिनीताईंकडे गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज स्पष्ट येत होता. "अहो, यांच्यासारखा मोटरचा जाणकार अख्ख्या इंदौरात नाही, असं म्हणाले म्हणे ते शेठ."