विशाखाचा कठडा

“मराठवाड्याच्या औद्योगिक भवितव्याचा पाया आज या व्यासपीठावर रचला जात आहे,” असं संस्थाध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. तेवढ्यात त्यांच्या डाव्या कानावर नारळ बसला.

नारळ त्यांच्याच सत्काराचा होता. फक्त तो असा द्यायचा नव्हता.

हर्सूलच्या त्या शाळेत करिअर मार्गदर्शन मेळावा होता. शाळेच्या गच्चीवरून जेलची भिंत दिसते, त्यामुळे अभ्यास केला नाही तर काय होतं, हे पोरांना निराळं सांगावं लागत नाही. केला तर काय होतं, हे सांगायला पाहुणे बोलावले होते. शाळेत नववीपासून वेल्डिंग हा विषय आहे. तो शिकवणारे कृष्णा सर कंत्राटी. म्हणजे काम कायमचं, नेमणूक तात्पुरती. त्यांनी हिवाळाभर पोरांकडून छातीइतक्या उंचीचं लोखंडी व्यासपीठ बनवून घेतलं होतं. त्याचा कठडा मात्र एकट्या विशाखाचा. दहावीतली पोर, अंगानं काडी, पण होल्डर हातात घेतला की ठिणग्यासुद्धा तिला विचारून उडायच्या.

विशाखाला सरकारी आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यायचा होता. तिचा बाप सांडू कन्नड रोडला काळी-पिवळी चालवतो. तो म्हणत होता, नर्सिंगला जा. तिची आई मालनबाई म्हणत होती, तिला इचारा तरी. घरात यावरून महिनाभर भांडी आपटत होती. शेवटी सांडूनं निकाल रामकिसनवर सोपवला. रामकिसन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. नाक्यावर त्याचं गेट-ग्रिलचं दुकान. सांडूच्या जीपचा टप त्यानं जोडलेला, आणि त्या टपावर बसून आजवर जेवढी माणसं कन्नडला गेली, तेवढी सगळी टपासकट पोचली. त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत सांडूला रामकिसनच्या शब्दापुढं शब्द नव्हता.

“कठडा टिकला तर वेल्डिंग,” सांडू पोरीला म्हणाला होता. “रामकिसन नाय म्हनला तर विषय बंद. मंग रडायचं नाय.”

“नाय रडनार,” विशाखा म्हणाली. “पर काकाला चष्मा लावून बघाय सांगा.”

रामकिसनला ‘स्थानिक उद्योजक’ म्हणून मंचावर शेवटची खुर्ची होती. कार्यक्रमाआधी तो मंचावर चढला, कठड्याला लाथ घातली, वाकून पाहिलं आणि बाहेरच्या अंगाला जोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

“हे कामून लावले?”

“फ्लेक्स बांधाय,” विशाखा म्हणाली.

“फ्लेक्स बी टिकायचा नाय याच्यावर. वाऱ्यानं उघडंल जोड.” मग खाली उभ्या सांडूला म्हणाला, “शोचा हाय रे. मानूस रेलला की गेला. नर्सिंगच बरं. तितं निदान पट्टी बांधाय शिकंल.”

सांडूनं मान हलवली. विशाखा मंडपाच्या खांबाला टेकून कठड्याकडं बघत राहिली.

“कार्यक्रम संपस्तोर थांबा की,” मालनबाई म्हणाली. “तुटंल तवा तुटंल. आधीच कामून तोडता?”

सांडूनं तेवढी मुदत दिली.

आता पाहुण्यांकडं येऊ. एक गगनझेप तंत्रनिकेतनाचे प्राचार्य ढाकणे, दुसरे यशोशिखर टेक्निकल कॅम्पसचे संचालक काळवणे. दोघांच्याही संस्थेत इमारत आहे, यंत्रं आहेत, प्राध्यापक आहेत, विद्यार्थी तेवढे नाहीत. त्यामुळे आपल्याकडं जी रीत पडली आहे तीच त्यांचीही होती: प्राध्यापकांनी उन्हाळाभर दारोदार फिरून पोरं आणायची. जो पोरं आणील त्याची नोकरी राहील. अशा प्राध्यापकाला थर्मोडायनॅमिक्स आलं नाही तरी चालतं, पण मोटरसायकल आणि दम दोन्ही लागतात. दोघांनीही आपापले असे गडी सोबत आणले होते. शिक्षणक्षेत्रातली ही सगळ्यात तंदुरुस्त माणसं.

तात्यासाहेब भाषणाला उभे राहिल्यावर मंचाच्या डाव्या आकड्यांना गगनझेपच्या गड्यांनी फ्लेक्स बांधला. त्याच वेळी उजव्या आकड्यांना यशोशिखरच्यांनी. दोन्ही एकदमच उलगडले.

दोन्हींवर विशाखाचा फोटो होता. डोळ्यांवर काळी काच, हातात होल्डर. डावीकडं लिहिलं होतं: ‘आमची विद्यार्थिनी, आमचा अभिमान’. उजवीकडंही तेच, फक्त अक्षर लाल. पोरीची दहावीची परीक्षा अजून व्हायची होती. फोटो वर्गात काढलेला, शाळेच्या ग्रुपवर पडलेला. तिथून तो एकाच दुकानात गेला आणि दुकानदारानं दोघांनाही छापून दिला. त्याचा धंदा आहे, त्याला कुणाच्या अभिमानाशी काय.

ढाकण्यांनी मान वळवून उजवीकडं पाहिलं. काळवण्यांनी डावीकडं.

“काळवणे सर,” ढाकणे अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “ही आमची मुलगी आहे.”

“सर, तुमचा गैरसमज झालाय. आमची आहे.”

“मी कुनाचीच नाय,” खालून विशाखा म्हणाली. पण मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात पोरांचं ऐकायची पद्धत नसते.

ढाकण्यांच्या गड्यानं उजवा फ्लेक्स फाडला. फाडताना चीर नेमकी कोपऱ्यात छापलेल्या काळवण्यांच्या चेहऱ्यातून गेली. काळवण्यांनी सत्काराच्या ताटातला नारळ उचलला, ढाकण्यांवर नेम धरला आणि औद्योगिक भवितव्याचा पाया रचणाऱ्या तात्यासाहेबांचा कान फोडला.

सत्कारात नारळ का देतात, हे त्या दिवशी बऱ्याच लोकांना कळलं. एका ताटात ते रचून ठेवलेले असतात, हाताला नीट बसतात, आणि फुटले तरी कुणाला वाईट वाटत नाही. दुसरा नारळ ढाकण्यांच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज चालू माइकमधून पूर्ण मैदानाला ऐकू गेला, आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी तो चांगला आला म्हणून टाळ्या दिल्या. ढाकण्यांनी रक्त पुसलं, सत्काराची एक शाल उचलली, काळवण्यांच्या गळ्याभोवती दोन वेढे घातले आणि ओढली. शाल चांगल्या प्रतीची होती. काळवण्यांचा चेहरा जांभळा पडला, मग त्याच्याही पुढच्या रंगाला गेला. त्यांनी ढाकण्यांच्या करंगळीला चावा घेतला तो दातांना हाड लागेपर्यंत सोडला नाही.

तोवर गडी वर चढले होते. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकानं माइकचा स्टँड फिरवला आणि गणिताच्या प्राध्यापकाचे पुढचे दोन दात काढले. गणितानं तोंडातलं रक्त थुंकून समई उचलली. पेटती होती. तेल भौतिकशास्त्राच्या मानेवरून पाठीत उतरलं, तेव्हा तो जो ओरडला तो आवाज पाहुण्यांच्या परिचयात नव्हता. एकाचं डोकं खुर्चीखाली आलं. खुर्ची बाजारातली होती, तुटली. तुटलेला पाय दुसऱ्याच्या बरगडीत गेला.

आणि मग अचानक कुणीतरी ओरडलं, “थांबा! तसबिरी!”

सगळे थांबले. मंचावर मागच्या बाजूला टेबलावर महापुरुषांच्या तसबिरी मांडलेल्या होत्या. त्यातल्या एकीलाही धक्का लागला असता तर हा दोन संस्थांचा मामला उरला नसता, शहर पेटलं असतं, आणि पोरं आणायला दारोदार फिरायचं ते कुणाच्या दारात? ज्याचे दात गेले होते त्यानं आणि ज्यानं काढले होते त्यानं, दोघांनी मिळून एक एक तसबीर दोन्ही हातांनी, चपला काढून, खाली नेऊन वर्गात ठेवली. हार सरळ केले. काळवणे शालीसकट उभे राहिले, नमस्कार केला. दार लावून कडी घातली.

मग सगळे वर आले आणि ढाकण्यांनी काळवण्यांचं डोकं कठड्यावर आपटलं.

मैदानातले लोक माणसं बघत होते. विशाखा बुडाचे जोड बघत होती. डोकं एकदा आपटलं, कठडा घुमला. दुसऱ्यांदा आपटलं. तिनं मुठी आवळल्या.

“डावीकडचा तिसरा,” ती पुटपुटली. “तितं रॉड ओला होता, जोड कच्चा आसंल.”

“गप ग,” मालनबाई म्हणाली आणि तिचाच हात घट्ट धरला.

रामकिसन इतका वेळ शेवटच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. भांडणाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण त्याचा सत्कार अजून व्हायचा होता म्हणून तो उतरला नव्हता. तेवढ्यात चार गड्यांचं एक गाठोडं, ज्यात कुणाचा हात कुणाच्या डोळ्यात आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, लोळत आलं आणि रामकिसनला घेऊन कठड्यावर आदळलं. डावीकडच्या तिसऱ्याच खांबावर. रामकिसन उलटा होऊन कठड्यापलीकडं गेला. खाली फरशी होती, आणि तो डोक्यावर जात होता.

सांडू ओरडला. विशाखानं डोळे मिटले नाहीत.

रामकिसनच्या कमरेचा कातडी पट्टा फ्लेक्सच्या आकड्यात अडकला. तो गरकन फिरला, भिंतीवरच्या पालीसारखा मंचाच्या कडेला आपटला आणि लटकत राहिला. पाय वर, डोकं खाली, नाक बरोबर खांबाच्या बुडाच्या जोडासमोर. वरून ते गाठोडं कठड्यावर आणखी दोनदा आदळलं. एका गड्यानं आपण खाली पडू नये म्हणून रामकिसनची तंगडी धरली आणि तोही लोंबला. कठडा करकरला. मग करकरायचा थांबला.

पोलिसांची गाडी आली तशी मारामारी ओसरली. ढाकणे आणि काळवणे एकाच रुग्णवाहिकेत गेले, दुसरी नव्हती. आतूनही काहीतरी आदळल्याचे आवाज येत होते. तंगडीला लोंबणारा गडी सुटून पळाला. मंचावर रक्त, खोबरं आणि दात. कानाला सत्काराची शाल बांधून तात्यासाहेब माइक शोधत होते, कारण वाक्य पुरं झालं असलं तरी भाषण झालेलं नव्हतं.

रामकिसन तसाच लटकत होता. सांडू, मालनबाई, विशाखा आणि कृष्णा सर त्याच्याजवळ आले. उतरवायला सरांनी हात पुढं केला, तो विशाखानं अडवला.

“थांबा सर. काकांनी बघितलं नाय अजून.”

रामकिसननं उलट्या डोळ्यांनी जोड पाहिला. डोक्यात रक्त उतरून तोंड टोमॅटोसारखं झालं होतं, कपाळाला खोक पडली होती, पण धंदा तो धंदा. त्यानं बोटानं जोड चाचपला. नखानं खरवडला.

“खालच्या अंगाची जळकी मळी झटकली नाय,” तो म्हणाला.

“नाय झटकली,” विशाखा म्हणाली. “तुटला का?”

“हितं टाका जरा जाड पडलाय.”

“काका, तुटला का?”

“तुटला असता तर असा वटवाघळासारखा बोललो असतो का ग तुझ्याशी!”

“रामकिसन,” सांडू वाकला. त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं. “सरळ सांग. व्हय का नाय?”

रामकिसनच्या कपाळावरचं रक्त केसांत गेलं आणि तिथून फरशीवर टपटपलं. आजूबाजूला पोरं जमली होती. एक पोलीसही वही मिटून थांबला.

“माझ्या दुकानात आसा जोड मारनारा गडी नाय,” रामकिसन शेवटी म्हणाला. “घाल तिला आयटीआयला. शिकून आली की माझ्याकडंच धाड.”

“बघू,” विशाखा म्हणाली.

मालनबाईनं पदर तोंडाला लावला. सांडूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कठड्याला एक हिसका देऊन पाहिला. कठडा हलला नाही, रामकिसन तेवढा हलला. तेवढ्यात तात्यासाहेबांना माइक सापडला. “या व्यासपीठानं आज आपल्याला काय दिलं?” त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. मैदान शांत झालं. पोलिसानं टोपी सरळ केली. पोरं ताठ उभी राहिली.

त्या शांततेत रामकिसनचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“सांडू, पट्टा सोडशील तवा पॅन्ट तेवढी धर रे. बायामानसं हायत.”