गवराबाईच्या हातात काही राहत नाही

निघोज्यात गवराबाईचा धांदरटपणा सगळ्यांना तोंडपाठ होता. भरला तांब्या तिच्या हातून पडायचा, विळा पडायचा, एकदा तर मारुतीच्या देवळात प्रसादाचं ताटच पडलं आणि खोबरं पार उंबऱ्यापर्यंत घरंगळलं. बायका म्हणायच्या, "गवराबाईच्या हातात काय ऱ्हातच न्हाई बाई." तीही हसून म्हणायची, "व्हय की, आईनं हातच तसलं दिलं." गंमत अशी, की हीच बाई एकटी शेतात असली की तिच्या हातून खुरपंसुद्धा निसटत नसे. पण इतकं बघत बसायला गावाला वेळ कुठला?

तिचा नवरा कोंडीराम लढाईवरून परतलेला नाईक. इटली नावाच्या मुलखात नदी ओलांडताना तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या डाव्या गुडघ्यात शिरला. सरकारनं त्याला अपंगाची पेन्शन दिली, पण कायमची नव्हे. मधून मधून डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं राहायचं, त्यांनी पाय तपासायचा आणि पुढचं ठरवायचं, अशी ती रीत होती. मागच्या खेपेला बोर्डानं विचारलं, "कसा आहे पाय?" कोंडीरामनं टाचा जुळवल्या, छाती काढली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एकदम ठीक हाय साहेब!" साहेबांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पेन्शन बंद केली. यात साहेबांचा काय दोष? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा हा माणूस. पलटणीत दुखतंय म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणत, आणि कोंडीराम अजून मनानं पलटणीतच होता.

त्या एका 'ठीक हाय'ची किंमत मात्र गवराबाई मोजत होती. नांगरटीच्या दिवसांत रस्त्याकडच्या तासाला, म्हणजे नांगराच्या ओळीला, नांगराचं रुमणं, त्याची मूठ, कोंडीरामच्या हातात असायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी रामराम व्हायचा. शेताच्या पल्याडच्या टोकाला चिंचेआड गेलं की रुमणं गवराबाईच्या हातात जायचं. बाईनं नांगर धरणं अशुभ मानणारं गाव ते, म्हणून ही चोरी. अलीकडं तिची कंबर धरली होती. रात्री कूस बदलताना ती दातांत पदर धरायची आणि कोंडीराम झोपेचं सोंग घ्यायचा. पेन्शन परत सुरू झाली तर सालगडी ठेवता येणार होता. न झाली, तर पुढच्या सालीही चिंचेआड तीच.

शेवटी इब्राहिमभाईनं त्याला अपील करायला लावलं. इब्राहिम लढाईत लष्करी लॉरीवर ड्रायव्हर होता. आता चाकणच्या नाक्यावर कांद्याच्या लॉऱ्या दुरुस्त करायचा. बोर्डाचं बोलावणं आलं तसं त्यानं कोंडीरामला दुकानात उभं करून तालीम घ्यायला सुरुवात केली. स्वतः ग्रीसच्या डब्यावर साहेब होऊन बसला.

"बोल नाईक, कसा हाय पाय?"

"ठीक हाय साहेब."

"तुझ्या आयला तुझ्या!" साहेब डब्यावरून उठला. "ताकाला जाऊन भांडं लपवतोस व्हय रं? दुखतंय म्हण!"

"दुखतंय," कोंडीराम पुटपुटला. चोरी कबूल करावी तसं.

"मोठ्यानं!"

"इब्राहिमभाई, बाहेर माणसं हायती."

इब्राहिमनं कपाळाला हात लावला. कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला, पण त्यावर हसायची ही वेळ नव्हती. "हे बघ भावा," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यावेळी नापास झालास तर पुढं कुणी इचारायचं न्हाई. हे शेवटचं. मी संग येत न्हाई. मला बघितलंस की तू दोन इंच उंच हुतोस. वहिनीला घिऊन जा."

गवराबाईनं मात्र बोर्डाची तयारी आपल्या पद्धतीनं केली. साहेबापुढं जायचं म्हणजे माणूस कसा स्वच्छ, नीटनेटका दिसला पाहिजे. तिनं धोतर रिठ्यानं धुतलं, पदकं राखेनं घासली. आणि पाय? पाय तसाच आखडलेला घेऊन गेलं तर साहेब काय म्हणेल? 'ह्याच्या घरात बाई हाय का न्हाई?' म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं निरगुडीचा पाला वाफवला, विटा तापवल्या, करंजाचं तेल कोमट केलं आणि तो गुडघा असा काही शेकला, असा काही चोळला, की पहाटे पुन्हा एकदा चोळल्यावर तो कुरकुर करत का होईना, वाकला. किती तरी महिन्यांत वाकला नव्हता. नवराबायको दोघंही खूश झाली. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. इब्राहिमनं पाहिलं असतं तर त्यानं ग्रीसचा डबाच फेकून मारला असता.

पुण्याच्या वाटेवर मोशी, भोसरी मागं पडली. दिघीच्या बाजूला लष्कराच्या माळावर जवान कवायत करत होते. एसटीच्या खिडकीतून ते पाहताना कोंडीरामची पाठ आपोआप ताठ झाली. गवराबाईनं ते पाहिलं आणि मांडीवरची भाकरीची पिशवी घट्ट धरली.

"अवं," ती म्हणाली, "दुखतंय म्हनायचं हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"म्हना बगू."

कोंडीराम खिडकीबाहेर बघत राहिला.

लष्करी दवाखान्याच्या व्हरांड्यात गवराबाईला बाकावर बसवून शिपायानं कोंडीरामला आत नेलं. टेबलामागं बोर्डाचे मुख्य डॉक्टर म्हणून एक मेजरसाहेब, पुण्याकडचेच, चष्मा कपाळावर चढवलेला. बाजूला कारकून. दाराशी तो शिपाई. खोलीला फिनाइलचा वास होता. तो वास नाकात शिरला आणि कोंडीरामचं मन सरळ इटलीतल्या तंबूत गेलं. तिथं शेजारच्या खाटेवरचा पोरगा दोन्ही पाय गेले तरी हूं की चूं न करता पडून होता. त्याच्यापुढं आपण गुडघ्याचं काय रडायचं?

"चालून दाखव."

तो चालला. शेकलेला पाय शहाण्यासारखा चालला.

"गुडघा वाकव."

गुडघा वाकला. मेजरसाहेबांनी तो दाबून पाहिला आणि चष्मा खाली घेतला. "बरा आहे की रे. दुखतो का?"

आता. हीच ती वेळ. इब्राहिमचं ग्रीस लागलेलं कपाळ त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून, कित्येक वर्षांची वाट पाठ असलेल्या बैलासारखं, तेच बाहेर आलं, "ठीक हाय साहेब."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला.

"एकदा उकिडवा बसून दाखव, म्हणजे झालं."

कोंडीराम बसला. गुडघ्यात कळ उठली ती मस्तकापर्यंत गेली, पण चेहऱ्यावर त्यानं काही दिसू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"छान. ऊठ."

कोंडीराम उठला नाही.

त्यानं उजवा पाय रेटून पाहिला. डाव्यानं साथ दिली नाही. हात जमिनीला टेकवला, तोही घसरला. घाम कानामागून गळ्यात उतरला. मेजरसाहेब थांबले होते, कारकून थांबला होता, आणि कोंडीरामही कशाची तरी वाट पाहत थांबला होता. कशाची, ते त्याला क्षणभर कळेना. मग कळलं. तो काहीतरी पडण्याची वाट पाहत होता. तांब्याचा ठणठणाट, ताटाचा खणखणाट, असं काहीतरी. रोज तो जमिनीवरून उठायच्या वेळी काहीतरी पडायचं. गवराबाई "अगंबाई!" म्हणत ते उचलायला वाकायची, आणि वाकता वाकता तिचा एक हात त्याच्या बगलेत शिरायचा. माणसं पडलेल्या वस्तूकडं बघायची. तोवर तो उभा असायचा. यावर नवराबायकोत कधी एक शब्द झाला नव्हता. तोसुद्धा मनाशी म्हणायचा, आपण आपले उठतो, ती मधेच येते.

या खोलीत काही पडलं नाही.

"नाटक हाय साहेब," दारातला शिपाई हसला. "बसाय येतं आन् उठाय येत न्हाई?"

मेजरसाहेबांनी हातानंच त्याला गप्प केलं. "नाईक, घरी कसा उठतोस?"

'माझा मीच' हे शब्द जिभेवर आले होते. पण त्याच वेळी त्याला चिंचेआडचं तास दिसलं आणि रुमण्यावर पोट टेकवून नांगर दाबणारी गवराबाई दिसली. आपली लाज राखायला तिनं अख्ख्या गावाची हसणावळ अंगावर घेतली होती. आपल्याला मात्र तिच्यासाठी एक शब्द जड झाला. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी शरम त्याला वाटली, आणि ती गुडघ्याची नव्हती.

"बायको उठवती, साहेब," तो म्हणाला. "मला उठाय येत न्हाई. दुखतंय. लई दुखतंय."

मेजरसाहेबांनी शिपायाला खूण केली. गवराबाई पदर सावरत आत आली. समोर टेबल, साहेब, कारकून. आणि मधोमध जमिनीवर आपला नवरा, चारचौघांच्या देखत बसलेला. तिनं एकदाच पाहिलं. तिच्या हातातून भाकरीची पिशवी धपकन खाली पडली, कांदा गडगडत टेबलाखाली गेला.

"अगंबाई! माझ्या हातात काय ऱ्हातच न्हाई," म्हणत ती वाकली. शिपाई कांद्यामागं वाकला, कारकुनानं पाय वर घेतले. सगळे परत नीट होतात तोवर कोंडीराम उभा होता.

मेजरसाहेब मात्र कांद्याकडं बघत नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "पिशवी पडली की पाडली?"

"पडली साहेब. मी हायच धांदरट. गावात कुनालाबी इचारा."

"पाडली, साहेब," कोंडीराम म्हणाला. "रोज पाडती. माझ्यासाठी पाडती."

गवराबाईनं झटकन त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांचं गुपित त्यानं असं भर कचेरीत सांगून टाकलं, याचा तिला आधी रागच आला. मग तिचे डोळे भरले आणि ती पिशवीला गाठ मारत राहिली. गाठ काही बसेना.

मेजरसाहेबांनी कोंडीरामला खुर्ची दिली. गुडघ्यावर नाक नेऊन वास घेतला. "हे काय लावलंय?"

इथं गवराबाईला कंठ फुटला. निरगुडी, करंज, विटा, पहाटेचं चोळणं, सगळं तिनं सांगितलं. "साहेबापुढं न्यायचा पाय, तसाच कसा न्यायचा?"

मेजरसाहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. "बाई, पोराला ताप आलाय हे दाखवायला वैद्याकडं जाताना कुणी आधी ताप उतरवतं का? बाहेर बसा. दुपारनंतर परत बघतो. आणि त्या पायाला आता हात लावायचा नाही."

दोघं व्हरांड्यात बसून राहिली. दोघांनाही भाकरी गेली नाही. दुपार कलली तसा शेक उतरला आणि गुडघा लाकूड झाला. दुसऱ्या वेळी साहेबांनी तो वाकवायला घेतला तेव्हा कोंडीराम ओरडला. पलटणीत गोळा लागला तेव्हा ओरडला नव्हता इतका ओरडला. साहेबांनी कारकुनाला सांगितलं, लिही; आणि कोंडीरामला म्हणाले, "पेन्शन परत सुरू करावी, आणि आता कायमची, असं बोर्ड लिहितोय. पुढचे कागद सावकाश येतील. घरी जा."

परतीच्या एसटीला वेळ होता. स्टँडवर बाकं भरलेली, म्हणून ती दोघं कट्ट्याच्या कडेला जमिनीवरच टेकली. निघोज्याचे रंगराव पाटील कांदे विकून तिथंच उभे होते. त्यांनी रामराम घातला. "काय हवालदार, आज जोडीनं?" पाटील त्याला नेहमी एक पायरी चढवूनच हाक मारायचे. कोंडीरामनं हसून रामराम घेतला.

गाडी आली, गर्दी उठली. गवराबाई उभी राहिली, तिनं पाटलांकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं, आणि तिचा पिशवीवरचा हात सवयीनं सैल झाला.

"ऱ्हाऊ दे," कोंडीराम म्हणाला. "काय पाडू नगंस आता."

ती थबकली. त्यानं पाटलांच्या देखत, सगळ्या स्टँडच्या देखत हात वर केला.

"गवरे, मला उठाय येत न्हाई. हात दे."

पाटील बघत राहिले. गवराबाईनं पिशवी काखेत घट्ट मारली आणि दोन्ही हातांनी त्याला उठवलं.