सात फुल्या

मयुरीची परीक्षा फोनवर होती आणि जीव टांगणीला लागला होता तिच्या आईचा, पंचफुलाबाईचा. रशियातल्या एका संगीतशाळेत एकच जागा, आणि तिकडच्या बाई आज रशियन गाणं ऐकून ती कुणाला द्यायची ते ठरवणार. पोरीनं गाणं देवनागरीत उतरवून भिंतीला चिकटवलं होतं. पण त्या भाषेत एक स्वर असा, की ना इ ना उ. आपल्यात त्याला अक्षरच नाही. तिथं तिनं फुल्या मारल्या होत्या. सात फुल्या. महिनाभर घसा खरवडूनही एकही फुली सुटली नव्हती.

"आई, तू सैपाकखोलीतच राहाजो. अन् कण्हू नोको," मयुरीनं बजावलं.

कापसाचे गठ्ठे उचलून पंचफुलाबाईची कंबर गेली होती. उठता-बसता ती कण्हायची. मयुरीला चारचौघांत त्याची लाज वाटे. आईला ते ठाऊक होतं, आणि लागतही होतं.

गाणं सुरू झालं. पहिल्याच फुलीला रशियन बाईंनी थांबवलं. पुन्हा थांबवलं. मयुरीचा आवाज कापू लागला. त्यात नालवाडीचा दिवसाआडचा नळ, मेल्याला आजच लवकर यायचं होतं! नळाखालचा गुंड, पाण्याचा मोठा हंडा, भरला, पाणी फरशीवर धडाधडा पडू लागलं. नळाला तोटी नव्हती. गुंड सरकवून फडकं बांधावं म्हणून तिनं तो उचलला. ओठ दाबले तरी पोटातून कण्हणं निघालंच.

बाहेर गाणं बंद पडलं. मयुरी दारात आली, चेहरा पांढराफटक.

"तोंडातून निंगून गेलं वं! सांग त्याईले, आई अडाणी हाय, पोरीले बोलू नोका."

"आई, बाई म्हणून राह्यल्या, तोच स्वर पाहिजे."

पंचफुलाबाईनं पुन्हा कण्हायला तोंड उघडलं. भीतीनं नुसती हवा निघाली. मयुरीनं गुंडाकडं पाहिलं. आजवर आईनं तिला भरला गुंड उचलू दिला नव्हता. ती वाकली, उचलला, आणि पोटातून आईसारखंच कण्हणं निघालं. गुंड कमरेवर घेऊनच ती फोनपुढं उभी राहिली आणि गाणं पहिल्यापासून धरलं.

पंचफुलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं कण्हणं ओळखता येत होतं. तिनं बोटांवर मोजलं. सातही फुल्या झाल्या, तरी बाईंनी पोरीला थांबवलं नव्हतं.