मानपाड्याचा मेन स्विच

आधीच सांगतो, मी मूर्ख माणूस नाही. उभी हयात केमिकल कंपनीत सुपरवायझरकी केली आहे. रिटायर झालो आणि दिवसभर घरात बसून मंदाकिनीच्या प्रत्येक फोडणीत नाक खुपसायला लागलो, तेव्हा तीच वैतागून आमच्या लेकीला म्हणाली, "उर्वी, तुझ्या बाबांना कुठेतरी अडकव गं बाई, नाहीतर मी चालले माहेरी."

उर्वी एका पॅथॉलॉजी लॅबच्या हेड ऑफिसात कॉम्प्युटरचं बघते, कोलशेतला. लॅबची रक्त गोळा करायची सेंटरं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली. त्यातल्या आमच्या मानपाड्याच्या सेंटरवर काउंटरला माणूस हवा होता. तिने सांगितलं, मी अर्ज केला, लागलो. एका घरातली दोन माणसं ठेवायची नाहीत असा तिथे नियम आहे, पण लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. "ऑफिसात कोणाला बोलू नका हं," एवढीच तिची अट. आता मला सांगा, एवढी हुशार लेक आणि बोलायचं नाही? रक्त काढणाऱ्या कल्पिताला मी पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळा झालो.

परवा लॅबचं नवीन सॉफ्टवेअर सगळ्या सेंटरवर जायचं होतं. काम उर्वीच्या एकटीच्या अंगावर. नीट पार पडलं असतं तर तिला बढती होती, सगळ्या सेंटरचे कॉम्प्युटर तिच्याच हाताखाली येणार होते. मानपाड्याला नेटची कायम बोंब, म्हणून तिने अशी सोय केली, की फायली रात्रभर सावकाश माझ्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर उतरतील आणि सकाळी आतले कॉम्प्युटर त्या तिथून घेतील. तिने मला फोन करून बजावलंही, "बाबा, तो एक कॉम्प्युटर बंद करायचा नाही."

"अगं, बाप आहे मी तुझा. मला शिकवू नकोस."

आणि संध्याकाळी निघताना मेन स्विच पाडला! कंपनीत एकदा आग लागलेली, तेव्हापासून निघताना माझा हात तिकडे आपोआप जातो. जित्याची खोड, दुसरं काय. घरी येऊन आमटीभात ओरपला आणि मस्त घोरलो.

सकाळी स्विच वर करताना उर्वीचं बजावणं आठवलं. एकही कॉम्प्युटर चालेना. जुनं सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे बंद झालेलं आणि नवीन आमच्याकडे पोचलेलंच नाही. बाकड्यावर उपाशीपोटी आलेली माणसं कुरकुरत होती. तेवढ्यात कोलशेतहून फोन आला. उर्वीचे साहेब, सलिलसाहेब, बोलत होते आणि ती त्यांच्या शेजारी होती. कल्पिताने फोन स्पीकरवर टाकला.

"काल रात्री कॉम्प्युटर बंद केलेला का तुम्ही?"

माझ्या जावयाच्या वयाचा माणूस, पण सूर असा की मी त्याचा घरगडी. पेशंट कान टवकारून ऐकत होते. झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. "अजिबात नाही! चालूच होता. वरून फायलीच आल्या नाहीत. पाठवणाऱ्याला विचारा की!"

पाठवणारी कोण, हे बोलून झाल्यावर डोक्यात आलं.

आमचा कॉम्प्युटर कधी बंद पडला, ते उर्वीला तिच्या स्क्रीनवर दिसत असणारच. तरीही ती म्हणाली, "हो सर, माझ्याकडूनच राहिलं. मानपाड्याच्या फायली मी पाठवल्याच नाहीत."

"कमाल आहे! एवढंसं जमत नाही, तर सगळी सेंटरं कशी सोपवू तुमच्यावर?"

कल्पिता माझ्याकडे बघत होती. आदल्या संध्याकाळी तिच्या देखतच मी स्विच पाडलेला. मला इतकी लाज उभ्या जन्मात वाटली नव्हती. चार परक्या माणसांत स्वतःची अब्रू राखायला मी पोटच्या पोरीला पुढे ढकललं होतं, आणि ती निमूट पुढे झाली होती. मला राहवेना.

"साहेब, ती खोटं बोलतेय! स्विच मी पाडला, मी! तिचा काडीचा दोष नाही. बापाला वाचवायला पोरगी स्वतःवर—"

जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग?

"बापाला?" सलिलसाहेब म्हणाले. "उर्वी मॅडम, हे तुमचे वडील आहेत?"

"हो सर."

"म्हणजे नियम मोडून वडिलांना इथे लावलंत. आणि आता त्यांची चूक झाकायला माझ्याशी खोटं बोललात." माणसाने आवाजसुद्धा चढवला नाही. "राहू दे. बाकीच्या सेंटरचं मी बघतो. तुम्ही एचआरला जाऊन भेटा."

"अहो साहेब, मला काढा ना! आत्ता काढा! तिला कशाला?" मी ओरडत होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग उर्वीचा, अगदी फोनजवळून.

"बाबा, आईला मी सांगेन. तुम्ही सांगू नका."

"बरं," मी म्हणालो.